पोटभर पसरलेला, भिंतीत दडलेला

हिवाळी अधिवेशन सुरू झालं की आमच्या धंतोलीत वेळ पाळणं कोणाच्याच हातात राहत नाही. मोर्चे यशवंत स्टेडियमपासून निघतात, टेकडी रोडला नाहीतर मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात आणि मधल्या वेळात आमच्या गल्ल्यांच्या तोंडाशी बॅरिकेड लागतात. त्या दिवशीही तेच झालं. अकराला यायची माणसं साडेबाराला आली आणि आलेली माणसं निघू शकली नाहीत. म्हणूनच माझ्या लॅबच्या बाकावर काटोलकडचा एक संत्रा बागायतदार आणि उमरेडकडचे एक एसटी कंडक्टर शेजारी शेजारी बसून राहिले. दोघांच्या हातात अपेंडिक्सच्या कॅन्सरचे कागद होते. बागायतदाराच्या हातात आईचे, कंडक्टरच्या हातात स्वतःचे. एरवी हे दोघं जन्मात भेटले नसते. (दोघांचेही तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत.)

मी पॅथॉलॉजिस्ट. आमच्याकडे पेशंट येत नाही, त्याचा तुकडा येतो, फॉर्मालिनच्या बाटलीत, नाव-वय लिहिलेल्या चिठ्ठीसकट. त्यातही अपेंडिक्स म्हणजे सगळ्यात रटाळ नमुना. करंगळीएवढी नळी. टोक उभं चिरायचं, मधले दोन-तीन आडवे काप घ्यायचे, बुडाची कड वेगळी काढायची, कॅसेटमध्ये टाकायचं आणि पुढची बाटली उघडायची. एमडीची पोरं ग्रॉसिंगचा, म्हणजे नमुना बघून काप घेण्याचा, हात बसवतात तो अपेंडिक्स आणि पित्ताशयावरच. शंभर अपेंडिक्स कापली तर जेमतेम एखाद्यात गाठ निघते. ती निघाली तरी बहुतेकदा साधी असते.

त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हा नमुना पाठवायचाच कंटाळा करतात. ऑपरेशन झालं की स्टीलच्या ट्रेमध्ये ते सुजलेलं अपेंडिक्स नातेवाइकांना दाखवायचं, ‘बघा, फुटायलाच आलं होतं’ म्हणायचं आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचं. तपासणीचे पाच-सातशे रुपये वाचले म्हणून नातेवाईकही खूश. एका बाईंचं अपेंडिक्स असंच एका नर्सिंग होममधून पिशवीत गेलं होतं. पुढे पोटात गाठी आल्या आणि बायोप्सी माझ्याकडे आली. मूळ गाठ कसली होती हे सांगायला माझ्यापाशी काही नव्हतं, कारण मूळ गाठच नव्हती. तेव्हापासून या विषयावर माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, जेवताना तरी अपेंडिक्स काढू नकोस.

कंडक्टरचं अपेंडिक्स मात्र आलं होतं, आणि ते पाठवणाऱ्या सर्जनचे मी आजही आभार मानते. पन्नाशी उलटलेले गृहस्थ. रात्री उजव्या बाजूला दुखायला लागलं, ताप, उलट्या, सकाळी ऑपरेशन. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं, ॲक्यूट अपेंडिसायटिस. नळी लालसर, वरून पांढुरका पू चिकटलेला. कापल्यावर गाठ म्हणावी असं कुठेच काही नाही. भिंत जरा जाड होती आणि सुरीखाली टणक लागली, पण सुजलेल्या अपेंडिक्सची भिंत जाडच असते.

दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली. कमी पॉवरवर नेहमीचं चित्र. पोकळीत पू, अस्तर जागोजाग झडलेलं, स्नायूच्या थरात न्यूट्रोफिलची, म्हणजे सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी. अपेंडिसायटिस होताच, त्यात शंका नाही. पॉवर वाढवली तर स्नायूच्या तंतूंमध्ये फिकट निळसर ठिपक्यांच्या बारीक ओळी दिसायला लागल्या. कुठे पाच-सात पेशींचा पुंजका, कुठे एकेकटी पेशी. प्रत्येकीत म्युसिनचा, म्हणजे चिकट द्रवाचा, थेंब आणि त्या थेंबाने कडेला दाबलेलं न्यूक्लिअस. भोवतीचा स्नायू जागच्या जागी होता. त्या पेशींनी काही मोडलं-तोडलं नव्हतं, तंतूंच्या फटींतून त्या नुसत्या आत सरकत गेल्या होत्या. म्हणून तर हाताला गाठ लागली नव्हती.

गॉब्लेट सेल ॲडिनोकार्सिनोमा. अपेंडिक्सच्या बाहेर ही गाठ जवळपास सापडतच नाही. पूर्वी हिची गणती कार्सिनॉइडच्या, म्हणजे सहसा मंद वाढणाऱ्या गाठींच्या, कुटुंबात व्हायची आणि पेशंटला ‘फार काळजीचं नाही’ असं सांगितलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या वर्गीकरणात तिला ॲडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, घातलं, कारण ती वागते तशीच.

उरलेली नळी कॅसेटमध्ये घालायला सांगितली.

‘मॅडम, अख्खी?’ टेक्निशियनने विचारलं.

‘अख्खी.’

सगळे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, बघितल्यावर चित्र स्पष्ट झालं. पेशी भिंतीभोवती चहूबाजूंनी, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीच्या थरापर्यंत, दोन ठिकाणी नसांच्या भोवती, आणि बुडाच्या कडेवरही. म्हणजे जिथे सर्जनने कापलं तिथेही त्या होत्याच. आयएचसीत, म्हणजे पेशींची जात ओळखायच्या रंगतपासणीत, सीके-ट्वेंटी आणि सीडीएक्स-टू सगळीकडे पॉझिटिव्ह, सिनॅप्टोफायसिन इथे-तिथे. ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक आहेत त्याची पायरी. या गाठीची ग्रेड ठरते ती पेशी किती प्रमाणात नीट पुंजक्यांत आणि नळ्यांत राहिल्या आहेत यावर. पाऊण हिश्शाच्या वर असतील तर पहिली ग्रेड, निम्म्याच्या खाली आल्या तर तिसरी. इथे निम्म्याहून जास्त पेशी सुट्या झाल्या होत्या. तिसरी. सीटी स्कॅन स्वच्छ होता, पोटात दुसरीकडे कुठे काही नव्हतं. कागदावर पाहिलं तर वेळेत सापडलेला, अपेंडिक्सपुरताच असलेला कॅन्सर.

आता काटोलच्या आईंचं. साठीच्या पुढच्या. वर्षभर पोट वाढत होतं. घरच्यांना वाटलं चरबी, मग वाटलं गॅस, शेवटी लुगडं नेसवेना तेव्हा सोनोग्राफी झाली. दोन्ही बीजांडकोशांत गाठी आणि पोटात पाणी. ओव्हरीचा कॅन्सर समजून ऑपरेशनला घेतलं. पोट उघडलं तर पाणी नव्हतंच. जवस रात्रभर भिजत घातल्यावर जो चिकट, तार धरणारा द्रव सुटतो, तसला द्रव, पण पातेलीभर, आतड्यांवर, यकृताच्या वर, कटीत. बीजांडकोश काढले, ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा, तुकडा काढला आणि शहाणपणाने अपेंडिक्सही काढलं. तिथल्या लॅबचा रिपोर्ट एका ओळीचा होता. म्युसिनस ॲडिनोकार्सिनोमा, पोटात पसरलेला. ग्रेड नाही, मूळ कुठलं ते नाही. त्या ओळीच्या जोरावर कोणीतरी मुलाला सांगितलं होतं, चौथी स्टेज आहे, सहा महिने धरून चला, उगाच पैसा घालू नका.

मुलगा ब्लॉक घेऊन रिव्ह्यूसाठी माझ्याकडे आला होता. ताजे काप काढले. म्युसिनची तळी, आणि त्यांच्या काठाने पेशींची एकेरी रांग. पेशी उंच, शिस्तीत उभ्या, न्यूक्लिअस लहान आणि तळाशी, विभाजन शोधूनही सापडेना. बऱ्याच तळ्यांत तर एकही पेशी नाही, नुसतं म्युसिन. सिग्नेट रिंग पेशी, म्हणजे म्युसिनने फुगून अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी, कुठेच नाहीत. अपेंडिक्सच्या ब्लॉकमध्ये भिंत ताणून पातळ झालेली, स्नायूच्या जागी फायब्रोसिस, एका ठिकाणी ती फुटून म्युसिन बाहेर आलेलं. बीजांडकोशातल्या गाठींचंही सीके-ट्वेंटी आणि एसएटीबी-टू पॉझिटिव्ह, सीके-सेव्हन आणि पॅक्स-एट निगेटिव्ह. म्हणजे ओव्हरी निर्दोष होत्या. सगळं अपेंडिक्समधून आलं होतं. लो-ग्रेड अपेंडिशियल म्युसिनस निओप्लाझम, आणि ते फुटल्यामुळे झालेला लो-ग्रेड स्युडोमिक्झोमा पेरिटोनाय, म्हणजे पोटभर साचलेलं म्युसिन.

तर असे हे दोघं बाकावर. मी एका पेशंटचा एफएनएसी, म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढणं, करून बाहेर आले तेव्हा रिसेप्शनच्या पार्टिशनमागून बोलणं कानावर पडलं.

‘तुमचं कायचं हाय, भाऊ?’ कंडक्टर.

‘आईचं आहे. अपेंडिक्सचा कॅन्सर सांगितला.’

‘अरे, माह्यंबी तेच हाय! पण माह्यं इतकुसं होतं. काढून टाकलं, झालं. सर्जन म्हने म्याडमले भेटून या, म्हनून आलो. तुमच्या मायचं?’

‘पोटभर पसरलं म्हणतात, काका. सहा महिने दिले.’

कंडक्टर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘डाक्टर काहीबी बोलून रायले आजकाल. तुम्ही हिंमत नका सोडू. मायले हे सांगूच नका. गजानन महाराजाले नारळ बोला.’ त्यांच्या बायकोनेही मान डोलावली. मुलाने पिशवीतून दोन संत्री काढून त्यांच्या हातावर ठेवली. अंबिया बहाराची तोडणी संपत आली होती. बागेचा पुढचा सौदा आईच्या आजारापायी तो घाईत, पडेल त्या भावाने करायला निघाला होता, हे मला नंतर कळलं.

दोघांचेही रिपोर्ट माझ्या टेबलावर पडले होते. त्या बाकावर धीर देणारा कोण आणि धीराची गरज कोणाला, हे त्या अख्ख्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पंचवीसेक वर्षं हे काम करतेय, पण असं अवघडल्यासारखं क्वचितच झालं असेल.

आधी मुलाला आत बोलावलं. त्याने खुर्चीत बसायच्या आतच विचारलं, ‘किती महिने, मॅडम?’

मी त्याला म्हटलं, महिन्यांत मोजू नका. तुमच्या आईच्या पोटात जे आहे ते जास्त जागेत आहे हे खरं, पण वाईट जातकुळीचं नाही. या पेशींना म्युसिन तयार करण्याचं वेड आहे, घुसण्याचं नाही. अपेंडिक्स फुटलं, द्रव बाहेर आला, त्यासोबत या पेशी वाहत गेल्या. पोटातलं पाणी जिकडे फिरतं आणि जिथे शोषलं जातं तिथे त्या साचतात, म्हणून ओमेंटममध्ये, उजव्या डायफ्रॅमखाली, कटीच्या तळाशी. लहान आतडं सतत हलत असतं, त्यावर त्यांना बसायला फावत नाही. लिम्फ नोड किंवा रक्तातून फुप्फुसात, यकृताच्या आत जाणं हे त्यांच्याकडून क्वचितच होतं. जे पृष्ठभागावर आहे ते सोलून काढता येतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

‘पण चौथी स्टेज...’

चौथी आहेच. मात्र स्टेज ठरवणाऱ्यांनीसुद्धा अपेंडिक्सच्या बाबतीत वेगळा विचार केलाय. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ग्रेडला स्टेजिंगमध्ये जागा नाही. अपेंडिक्समध्ये पोटात पसरलेल्या गाठीची ग्रेड कमी असेल तर चौथी-ए, मध्यम किंवा जास्त असेल तर चौथी-बी. त्याला मी आकडेही सांगितले, कारण तो शिकलेला होता आणि रात्री मोबाइलवर शोधणारच होता. २०१२ साली १६ केंद्रांतल्या २,२९८ पेशंटचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. अपेंडिक्समधून झालेला स्युडोमिक्झोमा, सगळ्यांवर मोठं ऑपरेशन केलेलं. त्यातले निम्मे सोळा वर्षांहून जास्त जगले. दहा वर्षांनी ६३ टक्के हयात होते. अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींवरचा २०१६ चा अभ्यासही हेच बोलतो. चौथ्या स्टेजच्या म्युसिनस गाठींमध्ये निम्मे पेशंट सहा वर्षांहून जास्त जगले, बिनम्युसिनच्या ॲडिनोकार्सिनोमात निम्मे सव्वादोन वर्षांच्या आसपासच दगावले. अवयव तोच, स्टेज तीच.

अर्थात हे आकडे जसेच्या तसे गिळायचे नसतात. मोठ्या केंद्रात पोचलेले, ऑपरेशन झेपेल अशी तब्येत असलेले पेशंटच त्या २,२९८ मध्ये आले. काटोलला आयुर्वेदिक काढा घेत बसलेली बाई त्यात मोजलेली नाही. आणि ऑपरेशन सोपंही नाही. ओमेंटम, पोटाचं अस्तर, गरज पडली तर प्लीहा, पित्ताशय, आतड्याचा भाग, दिसेल ते म्युसिन काढायचं आणि मग पोटात चाळीस-बेचाळीस अंशांना तापवलेलं मायटोमायसिन तास-दीड तास फिरवायचं. सकाळी आत गेलेला पेशंट संध्याकाळी बाहेर येतो. शेवटी पोटात अडीच मिलिमीटरपेक्षा मोठं काही राहिलं नाही तर ते ऑपरेशन पूर्ण झालं असं धरतात, आणि पुढचं आयुष्य त्यावरच बरंचसं ठरतं. शिरेतून द्यायच्या केमोला या मंद पेशी फारशी दाद देत नाहीत. ‘केमो घेऊन बघू’ म्हणून सहा महिने घालवायचे आणि मग ऑपरेशनचा विचार करायचा, हा उलटा क्रम आहे.

‘मुंबईला टाटाला न्या. रिपोर्टमध्ये ग्रेड लिहिली आहे, ती ओळ त्यांना आधी दाखवा.’

तो काही बोलला नाही. चष्मा काढून रुमालाने पुसत बसला. मग म्हणाला, ‘बागेचा विसार घेतलाय मी. परत देतो.’ आणि उठला. दाराशी जाऊन परत वळला, ‘मग त्या काकांचं तर एकदमच सोपं असेल ना?’ मी म्हटलं, त्यांना पाठवा आत.

कंडक्टर आत आले ते हसतच. ‘म्याडम, त्या पोराले नीट समजावून सांगतलं ना? लय घाबरून गेलता.’

या पेशीची अडचण मला त्यांना सांगायची होती. ती गठ्ठ्याने राहत नाही. पेशी एकमेकींना धरून ठेवतात ते बंध सुटले की प्रत्येक पेशी स्वतंत्र निघते, आणि एकेकटी पेशी ना सीटीत दिसते, ना सर्जनच्या बोटाला लागते. ती स्नायूतून, नसांच्या कडेने, लिम्फच्या वाटेने जाते. पोटाच्या अस्तरावर पोचली तर म्युसिनचं तळं करत नाही, अस्तरातच घुसते, मग ती सोलून काढता येत नाही. पूर्ण सिग्नेट रिंग कार्सिनोमा हे याचं टोक. त्यात निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणारे साधारण चारात एक, आणि पोटात पसरल्यावर दहात एकही नाही. गॉब्लेटचं तितकं वाईट नाही. पहिली ग्रेड आणि भिंतीतच असेल तर माणूस चांगला निघतो. तिसरी ग्रेड मात्र त्या टोकाकडे झुकते.

हे सगळं मी असं सांगितलं नाही, हे उघड आहे. मी म्हटलं, ‘काका, काढलेल्या कडेवर अजून पेशी आहेत. आतड्याचा उजवा भाग, त्याच्या लिम्फ नोडसकट, काढावा लागेल. लवकर. मग बहुतेक केमो.’

हसू गेलं. बायकोने विचारलं, ‘पन डाक्टर तर म्हने इतकुसं होतं.’

‘इतकुसंच आहे. म्हणूनच आत्ता करायचं.’

‘अन् त्या पोराच्या मायचं पोटभर हाय, तिले काहून म्हने वर्षानुवर्षं?’ बाहेर जाताना मुलाने तिला सांगितलं असावं. ‘हे कसं काय, म्याडम? पसरलेलं बरं अन् न पसरलेलं वाईट?’

प्रश्न अगदी नेमका होता. कॉन्फरन्समध्ये बसलेल्यांनाही तो इतक्या थेट शब्दांत विचारता येत नाही. मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी नेलं. एका पेशंटची स्लाइड दुसऱ्याला दाखवत नाहीत, म्हणून शिकवणीच्या डब्यातली जुनी लो-ग्रेडची स्लाइड काढली, आणि मग त्यांची स्वतःची लावली. कंडक्टरनी टोपी काढून बाजूला ठेवली, डोळा लावला. पहिल्या स्लाइडवर म्हणाले, ‘रांगेत उभे हायेत.’ दुसरीवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मी फोकस फिरवून एक सुटी पेशी काट्यावर आणून दिली. ‘ही?’ ‘हीच.’ ‘एकटीच हाय.’ ‘एकटीच जाते ती.’ त्यांनी बायकोलाही बघायला लावलं. तिला काही दिसलं नाही, तिने डोळे मिटून घेतले होते.

तारीख त्याच आठवड्यातली घ्यायला सांगितली. डेपोत रजेचा घोळ होईल म्हणाले. मी म्हटलं, डेपो मॅनेजरचा फोन द्या, मी बोलते.

अपेंडिक्समध्ये गाठ म्हटलं की या दोघांसारखंच काही असतं असं मात्र कोणी समजू नये. तिसरा प्रकार खरा नेहमीचा, आणि तो सगळ्यात निरुपद्रवी. त्याच हिवाळ्यात हॉस्टेलमधल्या एका इंजिनिअरिंगच्या पोरीचं अपेंडिक्स आलं होतं. टोकाला पिवळसर दाणा, सेंटिमीटरच्या आत. न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, पहिली ग्रेड, केआय-सिक्स्टीसेव्हन, म्हणजे वाढत्या पेशींचं प्रमाण, तीन टक्क्यांच्या खाली. अशा गाठींना कार्सिनॉइड हे नाव ओबर्नडॉर्फर या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १९०७ मध्ये दिलं. अपेंडिक्सपुरती असेल तर पाच वर्षांनी पंचाण्णव टक्क्यांहून जास्त पेशंट हयात असतात, आणि सेंटिमीटरच्या आतली असेल तर अपेंडिक्स काढलं हाच पूर्ण इलाज. दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर मात्र आतडं काढायचा विषय. त्या पोरीच्या वडिलांनी गुगल करून मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशी तीन ठिकाणं शोधून ठेवली होती. त्यांना परत पाठवायला मला जितका वेळ लागला, तितका कंडक्टरना ऑपरेशनला तयार करायला लागला नाही.

पुढचं थोडक्यात. कंडक्टरचं उजवं आतडं पंधरवड्याच्या आत माझ्या टेबलावर आलं. चरबी बोटांनी चाचपून लिम्फ नोड वेचायचे असतात, किमान बारा तरी मिळायला हवेत. त्याहून बरेच जास्त मिळाले आणि तीनमध्ये पेशी होत्या. केमो नागपुरातच झाली, त्यांनी ती पूर्णही केली, आणि मधे काही महिने ड्यूटीवर गेले. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात पोटात पाणी भरलं. ते तपासायला माझ्याकडेच आलं. सेंट्रिफ्यूज करून स्लाइड लावली, पेशी त्याच. ते दिवाळीनंतर गेले. मला ही बातमी काटोलच्या मुलाकडून कळली. दोघांनी त्या दिवशी बाकावर नंबर घेतले होते आणि मोर्चे संपेपर्यंतची ओळख पुढेही टिकली होती.

त्याच्या आईंचं मुंबईला ऑपरेशन झालं. आयसीयूत बरेच दिवस गेले, वजन उतरलं, जेवण जाईना, मुलगा एकदा फोनवर माझ्यावरच चिडला की तुम्ही पाठवलं म्हणून हे झालं. मग सावरल्या. आता सहा महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी करतात, वर्षाने सीटी. आकडा जरा इकडे-तिकडे झाला की मुलगा व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. मध्ये तो थोडा वाढलाही होता. पुन्हा म्युसिन साचू शकतं, पुन्हा पोट उघडावं लागू शकतं, हे त्याला पक्कं माहीत आहे. आई बागेत जाते, मजुरांवर ओरडते, असं तो सांगतो.

माझ्या रिपोर्टचा साचा मी त्यानंतर बदलला. अपेंडिक्सची गाठ असेल तर पहिल्या ओळीत प्रकार आणि ग्रेड, ठळक अक्षरात, मग आकार, मग खोली, स्टेज त्याच्या खाली. काही सर्जनना हे आवडलं नाही, त्यांना आधी टीएनएम, म्हणजे स्टेज, बघायची सवय. एकाने विचारलं, मॅडम, अलीकडे उलटं का लिहिता? मी म्हटलं, एक ओळ खाली बघायला त्रास होतो का?

आणि अपेंडिक्सच्या बाटल्या आता जिल्ह्यातून खरंच जास्त यायला लागल्या आहेत. त्याचंही वेगळंच दुखणं आहे. परवा एका बाटलीत दोन अपेंडिक्स आली, चिठ्ठी एकच, नाव एकाचंच. फोन केला तर सिस्टर म्हणाली, ‘मॅडम, दोन्ही दिसायला चांगलीच होती, म्हणून एकत्र टाकली.’ दोन्ही वेगवेगळी, अख्खी घातली आहेत ब्लॉकमध्ये. सर्जनना सांगितलं, लॅबला या आणि कोणतं कोणाचं ते तुम्हीच ओळखा. उद्या येतो म्हणालेत.